खडीला न टेकणारं बाक

माझी बायको चोलेंग गेल्याचं मला सान रोके स्टेशनात कळलं. तिथला एक तीनचाकीवाला तिला उचलायला पुढे आला. त्याने चादरीखाली हात घातला, मग हात काढून घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली. मी अजून धापा टाकत होतो. मी त्याला म्हणालो, "टोपी काय काढतोस, पाय धर." त्याने मिनांगकडे पाहिलं. मिनांग माझी मेव्हणी, चोलेंगची धाकटी बहीण. सगळ्या वाटेत चोलेंगचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिने मान खाली घातली, तेव्हा मला कळलं.

तिला आधीच कळलं होतं, खिंड ओलांडल्यावर थोड्याच वेळात. मी मागून ढकलत होतो, आणि ढकलणाऱ्याला झोपलेल्या माणसाचे पायच दिसतात. पुढे काही दिवसांनी मी मिनांगला विचारलं की तेव्हाच का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही इतके जीव तोडून पळत होता दाजी. थांबा म्हणायला माझं तोंड उघडेना."

आमच्या तालिसायला सडक नाही, रूळ आहेत. आगगाडी दिवसातून एकदा जाते, ती आमच्याकडे थांबत नाही. म्हणून त्याच रुळांवर आम्ही आमच्या ढकलगाड्या चालवतो. लाकडाचा सांगाडा, वर पाठीला पाठ लावलेली बांबूच्या पट्ट्यांची दोन बाकं, खाली बेअरिंगची चार चाकं. आठ-दहा माणसं बसतात. ढकलणारा एक पाय मागच्या फळीवर ठेवतो आणि दुसऱ्या पायाने रुळांखालचे लाकडी स्लीपर रेटत जातो. शाळेची मुलं, सुक्या खोबऱ्याची पोती, डुकरं, नवरी, पाद्री, सगळं असंच जातं. या गाड्या मी बनवतो. तालिसायपासून सान रोकेपर्यंत चालणाऱ्या बहुतेक गाड्या माझ्याच हातच्या आहेत.

रूळ एकच. दोन गाड्या समोरासमोर आल्या की जिच्यावर माणसं कमी ती उतरते. बसलेले खाली येतात, दोघं मिळून गाडी बाजूला उचलून ठेवतात, भरलेली पुढे जाते, मग आपली परत रुळावर ठेवायची. याच्यावर भांडण होत नाही. लांबूनच दोघं ढकलणारे डोकी मोजतात आणि कमीवाला आपणहून ब्रेक लावतो. पोती मोजत नाहीत, डुकरं मोजत नाहीत. कडेवरचं पोर अर्धं धरायचं की पुरतं, यावरून कधी हुज्जत होते, पण ती हसण्यावारी जाते. या रीतीमुळेच गाडी हलकी लागते. दोघांना उचलता येत नसेल तर तिला गाडी म्हणू नये, असं मी गिऱ्हाइकाला सांगत आलो.

चोलेंगचं दोन दिवस पोट दुखत होतं. आल्याचं गरम पाणी पिऊन ती कामं करत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवेना. मी बाकाची पाठ उपटली, तिथे चादर अंथरली, तिला आडवं केलं. मिनांग पुढे बसली. मी आणि शेजारचा तिबो आळीपाळीने ढकलत निघालो. तिबोला पन्नाशी उलटली तरी तो अजून या वाटेवरचा सगळ्यात जोरात पळणारा माणूस आहे.

खिंडीतल्या वळणावर समोरून क्रिस्पुलोची गाडी आली. सान रोकेचा बाजार होता, गाडी परतणाऱ्यांनी खच्चून भरलेली. आमच्या गाडीवर त्याला मिनांगचं एक डोकं दिसलं. आडव्या माणसाचं डोकं लांबून मोजता येत नाही. त्याने नेहमीसारखी शीळ घातली, म्हणजे तुम्ही उतरा.

तिबो ओरडायला तोंड उघडत होता. त्याच्या आधी चोलेंगच बोलली. "ते जास्त आहेत," ती म्हणाली. "उतरवा मला."

गाड्या बनवणाऱ्याची बायको होती ती. रीत तिला माझ्याइतकीच ठाऊक. आम्ही तिला चादरीत धरून खडीवर ठेवलं आणि गाडी बाजूला घेतली. क्रिस्पुलो जवळ आला तेव्हा त्याला ती दिसली. त्याने ब्रेक दाबला, त्याची सगळी माणसं खाली उतरली, बायकांनी छातीवर क्रूस काढला. पण त्याची गाडी जुन्या मोलावे लाकडाची, त्याच्या बापाने बनवलेली. ती उचलायला चार गडी लागतात आणि खिंडीत ती घेऊन चार गड्यांना बाजूला सरायला जागा नाही. ती पुढे काढणंच लवकर झालं. मग आम्ही आमची गाडी ठेवली आणि चोलेंगला चादरीने परत वर घेतलं. खाली ठेवताना ती कण्हली होती. वर घेताना कण्हली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं की खिंडीत वेळ गेला नसता तर. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला ते उत्तर बरं वाटलं. हो किंवा नाही म्हणाले असते तर ते घेऊन मी कुठे गेलो असतो?

नऊ दिवस घरात प्रार्थना चालली. माणसं येत होती, पत्ते खेळत बसत होती, कॉफी पीत होती. क्रिस्पुलो रोज यायचा. मागच्या माडाला टेकून उभा राहायचा आणि प्रार्थना संपली की जायचा. आमच्यात मयताच्या घरातून निघणाऱ्याला दारापर्यंत सोडायला जात नाहीत, आणि आलात म्हणून आभारही मानत नाहीत. त्यामुळे आम्ही दोघं नऊ दिवसांत एक शब्द बोललो नाही. एरवी बोललो असतो.

मग माणसं यायची थांबली. भात किती टाकायचा ते मला कळेना. दोन माणसांचा टाकायची सवय. उरलेला सकाळी कोंबड्यांना घालायचो आणि रात्री पुन्हा तेवढाच टाकायचो.

कामाला लागलो तेव्हा डोक्यात एकच होतं. आजारी माणूस खडीला टेकता कामा नये. चोलेंग खडीवर कशी दिसत होती ते मला डोळ्यांपुढून काढता येत नव्हतं, आणि अजून येत नाही. दुसरं कारण मिनांगची मुलगी लुर्देस. तिला सातवा महिना होता. सुईणीने पोट चाचपून सांगितलं होतं की मूल आडवं आहे, हे घरात व्हायचं नाही, कळा लागल्या की तडक सान रोकेला न्या. मिनांग मला येऊन म्हणाली, "माझ्या पोरीला मी खडीवर ठेवू देणार नाही. काय बनवायचं ते तुम्ही बनवा."

आधी मी लांब गाडी बनवली. एका बाजूला माणूस झोपेल, दुसऱ्या बाजूला पाचजण बसतील अशी. मी आणि तिबोने ती उचलून पाहिली. तिबो कमरेवर हात ठेवून खाली बसला. म्हणाला, "छान आहे. एक आजारी न्यायचा आणि उचलणारे दोन आजारी परत आणायचे." ती मोडली. मग मी सांगाडा बांबूचा केला. हलका झाला, पण वळणावर चाकं रूळ सोडायला लागली. तीही मोडली.

तिबोचं म्हणणं होतं की एवढी डोकेफोड नको, काठीला पांढरं फडकं बांधायचं, फडकं दिसलं की समोरच्याने उतरायचं. फडकं मला पटलं. पण खिंडीच्या वळणावर फडकं दिसतं तेव्हा गाडी अंगावर आलेली असते. आणि क्रिस्पुलोची गाडी खिंडीत कशी उतरवणार? शिवाय गाडीचं सोडा, घरातून रुळापर्यंत आणि स्टेशनातून दवाखान्यापर्यंत माणसाला धरून, ओढून, वाकवूनच न्यावं लागतं. तेही मला नको होतं.

मिनांग मला जेवण आणून द्यायची. एकदा नारळाच्या दुधातली अळूची भाजी आणि भात केळीच्या पानात बांधून आणला. मी लांब गाडीचं रडगाणं सांगत होतो. तिने पान तिच्या ताटातून उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. म्हणाली, "गाडी उतरवा नाहीतर चढवा. पोरीला कशाला हलवायची? ती आपल्या पानावर बसून या गाडीवरून त्या गाडीवर जाईल."

समोरच्या गाडीवर जायचं, हे मला सुचलं नव्हतं. दोन ढकलणारे दोस्त असले तर कधीकधी माणसांची अदलाबदल करतात. इकडची तिकडे बसतात, तिकडची इकडे, गाड्या जागेवरून मागे फिरतात आणि संध्याकाळी ज्याची त्याला मिळते. तसंच करायचं, फक्त आजाऱ्याने बाकासकट जायचं.

मग काम सरळ झालं. गाडीची दोन बाकं असतात त्यातलं एक सुटं केलं. त्याची पाठ बिजागरीवर पाडली की बाक रुंद होतं आणि त्यावर माणूस झोपतो. पाठ उभी केली की नेहमीचं बाक, चारजण बसतात. रोज वापरातलं असायला हवं होतं, कारण आजारी माणसासाठी वेगळं म्हणून ठेवलेलं सामान आमच्याकडे वर्षभरात कोंबड्या बसायच्या कामाला येतं. बाकाच्या चार टोकांना धरायला दांडे. खाली चार खुंट्या. त्या सांगाड्याच्या चार भोकांत बसतात आणि बाक हलत नाही. माझ्या सगळ्या गाड्या एकाच मापाच्या काठीने केलेल्या, म्हणून भोकं सगळीकडे सारख्याच अंतरावर पडली. लोक आपापल्या गाड्या घेऊन आले. चहाटळपणा बराच झाला. एकजण म्हणाला, सासूला या बाकावर झोपवतो आणि समोरून येईल त्याच्या गाडीवर देतो ठेवून. पण एकेक बाक सुटं करून भोकं सगळ्यांनी पाडून घेतली.

क्रिस्पुलो आला नाही. त्याची गाडी रुंद, तिचं माप वेगळं. आणि सकाळच्या वेळी सान रोकेकडून येणारी गाडी हमखास त्याचीच असते.

त्याच्याबद्दल तिबोने मला एक गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून क्रिस्पुलो डोकी मोजत नाही. समोर कोणीही येवो, तो आपली गाडी उतरवतो. "परवा केळीवाल्यासाठी उतरवली," तिबो म्हणाला. "ह्याच्यावर अकरा माणसं आणि तो एकटा. केळीवाला बिचारा आपली गाडी उचलून बाजूला उभा, आणि हा म्हणतो, तू जा आधी. दोघंही बाजूला. रूळ मोकळे. दोघं एकमेकांना जा जा म्हणतायत." सांगताना तिबो हसत होता, मग हसायचा थांबला. ती जड गाडी उचलायला बसलेल्यांनाच हात लावावा लागायचा. लोक कंटाळून दुसऱ्या गाड्यांनी जायला लागले होते.

मी मापाची काठी घेऊन त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बेअरिंगला तेल देत होता. मला बघून उभा राहिला. त्याच्या बायकोने न विचारता कॉफी आणून ठेवली आणि आत गेली.

"बोल," तो म्हणाला. "जे बोलायचं ते बोलून टाक."

मी म्हणालो की मला तुझ्या गाडीला चार भोकं पाडायची आहेत. बाक कसं आहे, काय आहे, लुर्देसचं कसं आहे, सगळं सांगितलं. तो भलत्याच बोलण्याच्या तयारीत होता, त्यामुळे ते त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"बापाच्या गाडीला भोकं?" तो म्हणाला. "कशाला? मी आता सगळ्यांसाठी उतरवतो. लुर्देससाठी पण उतरवीन."

"खिंडीत कशी उतरवशील? चार गडी लागतात."

त्याने तेलकट बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाला, "मला एकच डोकं दिसलं, दमासो."

"ठाऊक आहे मला."

"एकच."

"दुसरं आडवं होतं. तुझ्या जागी मी असतो तर मलाही दिसलं नसतं."

मी हे त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. खरं होतं ते. पण त्याला ते लागलं असावं. शिव्या दिल्या असत्या तर कदाचित जास्त सोपं गेलं असतं त्याला. त्याने तेलाचा डबा बंद केला आणि म्हणाला, "गाडीला हात लावू नकोस." मी कॉफी संपवली आणि काठी घेऊन परत आलो.

लुर्देसच्या कळा लवकर सुरू झाल्या. सकाळ होती. आम्ही बाक तिच्या खाटेजवळ नेलं, तिला त्यावर घेतलं आणि तशीच रुळापर्यंत आणून गाडीवर बसवली. खुंट्या भोकांत गेल्या. मिनांग छत्रीला पांढरं फडकं बांधून पुढे बसली. लुर्देसचा नवरा मासेमारीला गेला होता. ढकलायला मी आणि तिबो. वाटेत एक रिकामी गाडी भेटली, तिने फडकं बघून लांबूनच रूळ सोडले.

खिंडीच्या वळणावर क्रिस्पुलो समोर आला. त्याच्या गाडीवर एक म्हातारा आणि तीन बायका, बस. त्याने फडकं पाहिलं, ब्रेक दाबला आणि सगळ्यांना उतरायला लावून गाडीखाली हात घातला. एकट्याने. म्हातारा त्याला मदत करायला वाकला. गाडी टिचभरही उचलली गेली नाही. क्रिस्पुलोने पुन्हा जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा मला इथून दिसत होत्या.

मी ओरडलो, "काढू नकोस, क्रिस्पुलो. राहू दे रुळावरच. तिला तुझ्या गाडीवर घे."

त्याने हात काढले. आम्ही आमची गाडी त्याच्या गाडीला नाक लावून उभी केली. चौघांनी चार दांडे धरले, मी, तिबो, मिनांग आणि क्रिस्पुलो. लुर्देस दात आवळून मला म्हणाली, "काका, पाडलंत तर पोराला तुमचं नाव ठेवीन आणि रोज त्याला शिव्या देईन." बाक पुढे सरकत गेलं आणि तिच्या गाडीवरून त्याच्या गाडीवर पोचलं. खडीला टेकलं नाही.

त्याच्या रुंद सांगाड्यावर बाकांच्या कडेला जागा होती, पण भोकं नव्हती. खुंट्या लाकडावर नुसत्या उभ्या राहिल्या आणि बाक डुगडुगायला लागलं. क्रिस्पुलोने कमरेचा पट्टा काढून मागच्या दोन खुंट्या बांधल्या. पुढच्या दोन तशाच राहिल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू ढकल," तो म्हणाला. "मी धरतो."

ती गाडी त्याने आजवर दुसऱ्या कोणाला ढकलू दिली नव्हती. तो पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला, तोंड मागे करून, आणि दोन्ही हातांनी दोन खुंट्या पकडल्या. मिनांग लुर्देसच्या उशाशी बसली. तिबो त्या म्हाताऱ्याला आणि बायकांना आमच्या गाडीवर घेऊन तालिसायकडे फिरला. मी ढकलायला लागलो.

ती गाडी जड आहे, पण एकदा धावायला लागली की थांबत नाही. त्याच्या बापाने बनवलेली गाडी चांगली आहे हे मला तेव्हा कळलं. मला लुर्देसचे पाय दिसत होते. चादर हलत होती, पण ती गाडीनेही हलते. थोडं पुढे गेल्यावर क्रिस्पुलो मोठ्याने म्हणाला, "डोळे उघडे आहेत तिचे, दमासो." मी काही विचारलं नव्हतं. पुढच्या पुलावर पुन्हा म्हणाला, "बघतेय ती. माझ्याकडेच बघतेय." लुर्देस म्हणाली, "दुसरीकडे बघायला काय ठेवलंय तुम्ही?" तसं तो सान रोके येईपर्यंत सांगत राहिला. श्वास घेतेय, घाम आलाय, पाणी मागतेय, आता ओरडणार बघ. ती ओरडली की मला बरं वाटायचं.

स्टेशनातून दवाखान्यात ती त्याच बाकावरून गेली. पोट कापून मूल काढलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. क्रिस्पुलोच्या हातांची सालं निघाली होती. नर्सने त्यांना औषध लावलं तेव्हा तो तिला सांगत होता की हे काही नाही, गाडीचं लाकूडच तसं आहे.

मिनांग दवाखान्यात थांबली. आम्ही दोघं बाक घेऊन त्याच्या गाडीने परत निघालो. हाताला पट्टी असल्यामुळे तो बसला आणि मी ढकलली. भातखाचरांच्या पट्टीत समोरून एकजण आला, एकटा, गाडीवर सुक्या खोबऱ्याची पोती. क्रिस्पुलोचा पाय सवयीने ब्रेककडे गेला.

"आपण दोघं आहोत," मी म्हणालो.

त्याने पाय तिथेच ठेवला, पण दाबला नाही. समोरच्याने रूळ सोडले. आम्ही त्याच्या शेजारून गेलो तेव्हा त्याने क्रिस्पुलोला हाक मारून विचारलं की आज स्वारी बसून कशी, पाय मोडला का. क्रिस्पुलो त्याला म्हणाला, "माणूस ठेवलाय ढकलायला. स्वस्तात मिळाला."

त्याच्या घरी पोचल्यावर त्याने मला थांबायला सांगितलं. काठी आणलीस का म्हणाला. काठी माझ्याकडे नव्हती, म्हणून सुटं बाकच त्याच्या सांगाड्यावर ठेवून आम्ही खुंट्यांभोवती कोळशाने रेघा ओढल्या. मोलावेचं लाकूड कठीण, माझ्याकडचं गिरमिट त्यात शिरत नाही. नवं आणायला हवं. तो म्हणाला की सवड झाली की पाडू. मी हो म्हणालो. त्याला अजून सवड झालेली नाही आणि मी विचारलेलं नाही.

बाकी सगळ्या गाड्यांना भोकं आहेत. क्रिस्पुलोच्या गाडीला पाडायची राहिली आहेत.